अण्णाची खिट्टी

"काका, मामा घरात न्हाईत... अन् दार उघडं हाय."

सुवर्णाचा फोन आला तेव्हा मी उमरग्याला डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो. डोळ्यांत थेंब घातलेले होते, समोरची माणसं धुरकट दिसत होती. मामा म्हणजे तिचे सासरे, म्हणजे गुरुसिद्ध अण्णा, मुरुमच्या बाजारपेठेत चाळीस वर्षं स्टोव्ह दुरुस्त करणारा माझा शाळासोबती. दोन वर्षांपासून त्याचं डोकं त्याला साथ देत नव्हतं. उघड्या दारातून तो एकटा बाहेर पडला तर परत यायची वाट त्याला सापडणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वैशाख होता, दुपारचे दोन वाजलेले. मी सुवर्णाला पहिला प्रश्न विचारला तो हा, "खिट्टी लावली नव्हतीस का?" ती म्हणाली, "लावली व्हती, काका." त्यानंतरच्या दिवसांत हा प्रश्न तिला ज्यानं त्यानं विचारला. पण सुरुवात माझ्यापासून झाली, हे आधीच सांगून टाकतो.

एसटीनं मी मुरुमला पोचलो तोवर अण्णा सापडला होता. आळंदच्या रस्त्याला एका मोरीजवळ, बाभळीच्या नावापुरत्या सावलीत तो मोरीच्या कठड्याला टेकून बसला होता म्हणे. चपला काढून शेजारी नीट ठेवल्या होत्या, दुकानात बसताना ठेवायचा तशा. ऊन लागून गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुठं निघाला होता ते कुणालाच कळलं नाही. त्याला जाऊन आता सहा आठवडे होत आले. एवढे दिवस मी लिहायला बसायचो आणि उठायचो. लिहायला शब्द कमी पडत होते असं नाही. मला जे लिहायचंय ते माझ्याच अंगावर येणारं आहे, म्हणून उठत होतो.

अण्णाचं घर अर्धं कानडी, अर्धं मराठी. आई रागावली की कानडीत आणि लाड करायची ते मराठीत, असं तो सांगायचा. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून नोकरीला लागलो आणि अण्णानं मला 'डाक्टर' म्हणायला सुरुवात केली. पट्टीबंधक म्हणजे डॉक्टरच्या मागं बादली घेऊन उभा राहणारा माणूस, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो कमी बोलायचा, पण टोचायचं तिथं बरोबर टोचायचा. हात मात्र त्याचे बोलके होते. बुजलेल्या बर्नरला लोक चार-चार वेळा पिन मारून थकायचे आणि मग स्टोव्ह त्याच्याकडं आणायचे. तो पिन घेऊन भोकाला कान लावल्यासारखा वाकायचा, एकदाच आत सारायचा, आणि स्टोव्ह निळा पेटायचा. गॅस घरोघर आला तसे स्टोव्ह येईनासे झाले. मग त्यानं कुकर, मिक्सर, कुलपं, जे येईल ते धरलं. पण दुकानावरची 'स्टोव्ह रिपेअर' ही पाटी काढली नाही. "राहू दे की, पाटीला काय खायला लागतंय?" म्हणायचा.

बारा-तेरा वर्षांमागं हायवे रुंद करायला जुनी झाडं पाडली, तेव्हा एका लिंबाच्या ढोलीतून पोपटाचं पिल्लू खाली पडलं. अण्णा उमरग्याहून सामान घेऊन येत होता. त्यानं ते पिल्लू पिशवीत घालून सरळ माझ्याकडं आणलं. डावा पंख मोडला होता. मी आयुष्यात बैलांचे पाय बांधलेले, पोपटाचा पंख कधी बांधला नव्हता. पण 'डाक्टर' म्हणवून घेतल्यावर माघार कशी घ्यायची? मी बांधला आणि तो वाकडा जुळला. पोपट पाळायला कायद्यानं मनाई आहे हे मला नोकरीमुळं माहीत होतं, मी अण्णाला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "मग सोड की तू. मांजरीला आवतण देऊ का?" ते पाखरू पुढं कधीच उडू शकलं नाही, आणि त्याला कारण मी होतो. अण्णानं हे एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यानं पाखराचं नाव गिणी ठेवलं. कानडीत पोपटाला गिणी म्हणतात. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर त्यानं पोपटाचं नाव पोपट ठेवलं. एवढीच त्याची कल्पनाशक्ती, असं मी सगळ्या बाजारात सांगत सुटलो होतो.

गिणीच्या गळ्याला कंठ आला नाही, म्हणजे ती मादी. आणि ती बोललीही नाही. आपल्याकडं पोपटाची हुशारी बोलण्यावरून ठरते. 'विठू विठू' म्हणाला, 'पाव्हणं आलं' म्हणाला की लोक खूश. दुकानात येणारा प्रत्येक जण तिच्यापुढं तोंड वेंगाडून शीळ घालायचा आणि शेवटी म्हणायचा, "मठ्ठ हाय जी." अण्णा मान खाली घालून काम करत राहायचा. गिणी त्याच्या खांद्यावरून वाकून त्याच्या हातांकडं बघायची, शिकाऊ माणूस उस्तादाकडं बघतो तशी. भोक, पिन, भोक, पिन. पहिल्या वर्षात तिनं त्याच्या किती पिना चोचीत धरून गायब केल्या त्याला गणती नाही. वैतागून त्यानं पिना डबीत ठेवायला सुरुवात केली. मग तिनं डबीचं झाकण उघडलं. त्यानं झाकणाला तार गुंडाळली, तिनं तार उलगडली. कुणाही शहाण्या माणसानं पाखराला पिंजऱ्यात घातलं असतं. अण्णानं मात्र काम बाजूला ठेवलं आणि चार दिवस बसून एक खिट्टी तयार केली.

त्या खिट्टीविषयी नीट सांगायला हवं, कारण सगळं तिच्याभोवतीच फिरतं. पत्र्याच्या एका डब्यात करडई भरून तो त्यानं भिंतीला लावला होता. त्याच्या दाराला ही खिट्टी. एक उभी लोखंडी कडी, ती आपल्याच वजनानं खाली पडायला टपलेली. पण आत गजराच्या जुन्या घड्याळातली एक पातळ पट्टी तिला वर अडवून धरायची. बाजूला एक बारीक भोक होतं. त्या भोकातून काहीतरी ताठ आणि बारीक आत सारलं की पट्टी दबायची, कडी 'टक्' करून पडायची आणि दार उघडायचं. बोट आत जात नाही, चोच जात नाही. पिन मारली तरच उघडणार. ही स्टोव्हवाल्यालाच सुचणारी खिट्टी. पिन त्यानं गिणीला दिली नाही. "बघू काय करतीया," एवढंच म्हणाला.

तिनं काय केलं ते त्यानं मला सांगितलं तेव्हा मी चहा पीत होतो आणि हसताना तो माझ्या नाकात गेला. ज्वारीचा कडबा भरलेल्या गाड्या दुकानासमोरून जायच्या, एखादं धाट खाली पडायचं. गिणीनं तसलं एक धाट पायात धरलं आणि त्याची वरची टणक साल उभी सोलून काढली. आधीची साल रुंद होती, भोकात जाईना. तिनं ती एका कडेनं चावत चावत अरुंद केली. पुढची लांब होती, वाकायची. तिनं ती मधोमध तोडली. आठ-पंधरा दिवस हे चाललं होतं म्हणे. मग एका सकाळी डब्यातून 'टक्' असा आवाज आला आणि करडई खाली सांडली. "डाक्टर, पाखरानं पिन केली," अण्णा म्हणाला. "कुणी दिली न्हाय. सोता केली." मी म्हणालो, "अण्णा, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली." हे वाक्य मला फार आवडलं. पुढं कितीतरी वर्षं ते मी त्याच्या तोंडावर फेकत राहिलो, त्याच्या घरच्यांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

त्यानं वाद घातला नाही. तो तिच्या काड्या जपून ठेवू लागला, स्टोव्हच्या पिनांच्याच एका रिकाम्या डबीत. सुरुवातीच्या काड्या ओबडधोबड, कडा फाटलेल्या. नंतरच्या सरळ आणि एका मापाच्या. अधूनमधून तो त्या कागदावर ओळीनं मांडायचा आणि मला म्हणायचा, "ही बघ, अन् ही बघ. हात बसत गेलाय का न्हाय?" मी बघायचो. हात बसत गेलेला स्पष्ट दिसत होता... मी म्हणायचो, "मला तर सगळ्या सारख्याच दिसतात."

एकदा त्यानं कुणाकुणाला विचारून उमरग्याच्या एका कॉलेजातले प्राध्यापक बोलावले. त्या दिवशी अण्णानं इस्त्रीचा सदरा घातला होता. दुकान झाडून घेतलं होतं, धाटं धुऊन ठेवली होती. बाजारातली दहा-बारा माणसं जमली. गिणी डब्यावर बसली, पिसं फुगवली आणि डोळे मिटून घेतले. "बा गिणी, बा," अण्णा हळूच म्हणत राहिला. ये बाई, ये. पाऊण तास गेला. प्राध्यापक सभ्य माणूस होता. जाताना त्यानं सहज विचारलं, "बोलतो का हो हा?" आणि मी मागून म्हणालो, "मालकच बोलत नाही, तर पोपट काय बोलणार!" सगळे हसले. अण्णाही हसला. लोक गेल्यावर त्यानं इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशातून करडई काढून गिणीला चारली. काम न करताच दिली. त्यानंतर त्यानं कुणालाही बोलावलं नाही.

आता जे सांगायचं ते अण्णाला सांगायचं राहून गेलं. मी ते पाहिलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्यांदा तो जेवायला घरी गेला होता आणि मी दुकान राखत बसलो होतो. गिणीनं माझ्यासमोर धाट सोललं, साल भोकाला लावून पाहिली, मागं घेतली, टोकाकडून दोन चावे घेतले, पुन्हा लावली. टक्. अण्णा परत आला तेव्हा जमिनीवर करडई सांडलेली होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मी म्हणालो, "धक्का लागला वाटतं डब्याला." का म्हणालो? जनावरांतलं मला कळतं, असा माझा गावात लौकिक होता. त्याच जनावराचा पंख मी वाकडा जोडला होता आणि एका स्टोव्हवाल्यानं त्याच्यातली अक्कल ओळखली होती. हे मला सोसलं नाही. याहून मोठं कारण काही नाही. पुढं मोबाइलवर परदेशातला एक व्हिडिओ पाहिला. पांढरा काकाकुवा लाकूड कुरतडून काडी काढतो आणि जाळीपलीकडचा दाणा तिनं ओढून घेतो. माणसं कौतुकानं बघत उभी आहेत. तोही मी अण्णाला दाखवला नाही.

आजार हळूहळू आला. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग कुकरचं झाकण कसं बसतं ते गेलं. एके दिवशी तो दुकानात बर्नर हातात धरून नुसता बसलेला मला दिसला. दुसऱ्या हातात पिन होती. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, ते तो आठवत होता. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि हवापाण्याच्या गोष्टी केल्या. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला आणि पुढं वाढतच जाणार, हेही सांगितलं. दुकान बंद झालं. पाटी, हत्यारं, गिणी आणि करडईचा तो डबा घरी आला. मुलगा महेश शिक्षक, सकाळी शाळेला जायचा तो संध्याकाळी यायचा. बायको आधीच गेलेली. दिवसभर अण्णाचं सगळं सुवर्णावर. ती त्याला न्हाऊ घालायची, भाकरी कुस्करून भरवायची, आणि तो तिला कधी आई म्हणायचा, तर कधी ओळखायचाच नाही. नंतर त्याचं बोलणंच थांबलं. मी गेलो की माझ्याकडं बघायचा, पण मला 'डाक्टर' म्हणणारं आता कुणी उरलं नाही, हे मला कळून चुकलं होतं.

तो घराबाहेर जायला लागला. दोनदा बाजारातून, एकदा स्टँडवरून लोकांनी आणून सोडला. पुढच्या पडवीला जाळीचं दार होतं, पण कोणतीही साधी कडी तो उघडायचा. डोकं गेलं तरी तेवढं हातांना येत होतं. कुलूप लावा, असं मी म्हणालो तर सुवर्णाचे डोळे भरून आले. "रस्त्यावरचं दार हाय, काका. सासऱ्याला कुलपात ठिवलंय म्हणतील." महेशलाही ते पटेना. आपल्याकडं म्हाताऱ्याला कोंडलं की नाही हे लोक दारावरच्या कुलपावरून ठरवतात, हे खरंच होतं. तेव्हा मी शहाणपणा केला. म्हणालो, डब्याची खिट्टी काढा आणि जाळीच्या दाराला बाहेरून बसवा. दिसायला कुलूप नाही. उघडायला पिन लागते, ती बाहेर उंचावर खुंटीला टांगून ठेवा. अण्णाचे हात आता थरथरतात, पिन भोकात जाणार नाही. "या घरात अण्णाला उघडणार नाही अशी ही एकच खिट्टी आहे, आणि ती त्यानंच केली आहे," असं मी म्हणालो, आणि तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं. वेल्डिंगवाल्याकडून मी स्वतः ती बसवून घेतली. आतून हात पोचू नये म्हणून पत्र्याची आड लावली. खिट्टीच्या भोकापाशी फक्त जाळीचं एक घर मोकळं राहिलं, चार बोटंही न जाणारं.

गिणी पडवीत मोकळीच असायची. ती नसली की अण्णा अस्वस्थ व्हायचा. दोन वर्षं तिला कुणी धाट दिलं नव्हतं, डबा रिकामा पडला होता. तिची ती विद्या संपली, असंच सगळे धरून चालले होते. मी तर त्याहून पुढं गेलो होतो. तिला काही येत होतं हे मी इतकी वर्षं इतक्या जोरात नाकारलं, की खिट्टी बसवताना ती माझ्या डोक्यातच आली नाही. पत्र्यावर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या आणि ती जाळीला चोचीनं लटकून सगळं बघत होती...

त्या दिवशी सकाळी म्हशीसाठी कडबा आला होता आणि पेंढ्या बाहेरून जाळीला टेकवून रचल्या होत्या. सुवर्णानं दुपारी अण्णाला जेवू घातलं, गिणीसाठी करडईची वाटी त्याच्याजवळ ठेवली, दाराची खिट्टी लावली आणि ती मागं म्हशीला पाणी दाखवायला गेली. अर्ध्या तासानं आली तर दार सताड उघडं. उमरग्याहून मी पोचलो तेव्हा घरातली सगळी माणसं दवाखान्याकडं गेलेली. मी एकटाच दारापाशी उभा राहिलो. कडी खाली पडलेली होती. पिन उंच खुंटीला जागच्या जागी होती. आणि खिट्टीच्या भोकात ज्वारीच्या सालीची एक काडी अडकलेली होती, सरळ, अरुंद, टोकाला दोन चावे घेतलेली. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला करडईची टरफलं पडली होती. विखुरलेली नव्हती, एका जागी छोटा ढीग होता. डब्यातून करडई सांडली तर अशी पडत नाही. कुणीतरी चिमटीनं मोजून ठेवल्यावर अशी पडते.

ती करडई अण्णानं ठेवली होती. काम झाल्यावर तो ठेवायचा तशी. म्हणजे जाळीतून बोटं घालून धाटही त्यानंच ओढून तिला दिलं होतं का? आम्ही ज्याचं सगळं डोकं गेलं असं धरून चाललो होतो, त्याच्या डोक्यात एवढं शिल्लक होतं का, की हे मला जमत नाही, पण हिला जमतं? मला माहीत नाही. मला एवढंच वाटलं की आम्ही एका विचार करणाऱ्या माणसाला त्याच्याच खिट्टीनं कोंडलं होतं आणि ती कल्पना माझी होती. मला भीती वाटली. मी ती काडी ओढून काढली आणि खिशात घातली. चपलेनं टरफलं बाजूला सारली. नंतर मी दवाखान्याकडं गेलो.

पुढचे दिवस मी गप्प बसलो. अण्णाची मुलगी सोलापूरहून आली होती. ती सुवर्णाला सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, इसरलीस म्हण ना. माणूसच हाय. आमी काय फाशी द्यायलोय का?" सुवर्णा दर वेळी तेच सांगायची, "लावली व्हती, वन्सं." महेश काहीच बोलायचा नाही. बायकोशी तर त्या दिवसापासून बोलायचाच थांबला होता. जेवणाचं ताट तिनं पुढं ठेवलं की न बघता ओढून घ्यायचा. शिवगणाराधनेच्या, म्हणजे अण्णाच्या दिवसकार्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर मला राहवलं नाही. सगळे पडवीत बसले होते. मी उठून सांगितलं की खिट्टी गिणीनं उघडली, आणि काडी खिशातून काढून दाखवली. कुणीतरी विचारलं, भोकात होती तर काढली कशाला? मी गिणीला आणलं, धाट दिलं, खिट्टी लावली. ती जाळीला धरून बसली, पिसं फुगवली आणि डोळे मिटून घेतले. "बा गिणी, बा," मी म्हणत राहिलो. पाहुण्यांच्या गाड्या निघायची वेळ झाली, एकेक जण उठू लागला. महेश इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलला, आणि तो माझ्याशी बोलला. "काका, सुवर्णाला वाचवायलाय तुमी, कळतंय मला. पण तुमीच म्हणत व्हता न्हाय का... कावळा बसायला अन् फांदी तुटायला?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो मला समजावून सांगत होता.

गिणीला आता त्या घरात कुणी ठेवून घ्यायला तयार नव्हतं. मी तिला माझ्याकडं आणलं. खिट्टीही महेशनं उखडून दिली, काड्यांची डबीही दिली, दाराला आता साधी कडी आहे. माझ्या पडवीतल्या खांबावर मी फळी ठोकून ती खिट्टी बसवली आणि शेजारी धाट ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी गिणीनं ती उघडली. तेव्हापासून रोज उघडते. शेजारचे आले की बसून राहते. मोबाइल समोर धरला की मोबाइलच चावायला येते. मागच्या सोमवारी मी सुवर्णाला बोलावून आणलं. म्हटलं, तू तरी बघ, निदान तुला तरी कळू दे. ती तासभर पायरीवर बसली होती. वाळली आहे. गिणीनं धाटाला चोच लावली नाही. शेवटी मी डबी काढली आणि अण्णा मांडायचा तशा सगळ्या काड्या तिच्यापुढं कागदावर मांडल्या, शेवटी ती त्या दिवसाची. म्हणालो, "बघ, चावे बघ. ही माणसानं केलेली नाही. तू खिट्टी लावली होतीस, पोरी."

तिनं ती काडी उचलून परत कागदावर ठेवली. मग उठून पदर खोचत म्हणाली, "राहू द्या, काका. समदे रोज इचारतेत, त्यात मलाच आता आठवंना झालंय, म्या लावली व्हती का न्हाय ते. सपनात रोज इसरतीया म्या." आणि म्हशीच्या धारेची वेळ झाली म्हणून ती गेली.

एका माणसानं एका पाखराची अक्कल ओळखली आणि ती सिद्ध न करताच तो गेला. मी ती पाहिली होती आणि हसण्यावारी नेली. आता मी खरं सांगतोय तर त्याची किंमत माझ्याच जुन्या वाक्याइतकी उरली आहे. या लेखानं काही बदलेल असं मला वाटत नाही. महेश पेपरची ही पुरवणी वाचतो की नाही, तेही माहीत नाही.

लिहिता लिहिता दुपार झाली आहे. पिनांची डबी टेबलावर आहे आणि तिच्यात रोज एका काडीची भर पडते आहे. गिणी खांबावर चढली आहे, तिनं पायात धाट धरलं आहे. साल सोलल्याचा आवाज येतो आहे. मी मान वर करत नाही, कारण बघतोय असं तिला वाटलं की ती थांबते. आता ती साल भोकाला लावून पाहील, मागं घेईल, टोकाचे दोन चावे घेईल... टक्. उठून मी करडईची चिमूट तिच्यासमोर ठेवतो, एका जागी, अण्णानं ठेवली होती तशी.

खिट्टी लावलेली होती.